१८७७-७८ चं रशिया-तुर्कस्तान युद्ध नकाशावर कसं समजून घ्यावं

या युद्धाबद्दल वाचायला घेतलेली बहुतेक माणसं बल्गेरियातल्या प्लेव्हेन या गावापाशी अडकतात. तिथे तीन लढाया आणि मग वेढा, मधेच शिपका खिंड, मधेच एकदम कॉकेशस, आणि सगळीकडे पाशांची आणि जनरलांची नावं. मी भूगोल शिकवते, त्यामुळे माझी रीत ठरलेली आहे: आधी नदी आणि डोंगर काढायचे, सैन्य मागाहून आणायचं. या युद्धाला ही रीत फार चपखल बसते, कारण त्याचा सगळा ओघ एक नदी, एक डोंगररांग आणि एक हिवाळा यांनी ठरवला. तारखांची यादी पाठ करून तो हाती लागत नाही.

एक ए-थ्री कागद आडवा घ्या. एक सेंटिमीटरला पंधरा किलोमीटर असं प्रमाण धरलं की पश्चिमेला विदिनपासून पूर्वेला इस्तंबूलपर्यंत सगळं त्यात मावतं. निळी, तपकिरी, लाल, हिरवी आणि काळी अशा पाच पेन्सिली लागतील. चांगला भौगोलिक नकाशा समोर उघडा, पण राजकीय सीमा उतरवू नका. आजच्या सीमा काढल्या की डोळा फसतो. तेव्हा डॅन्यूबच्या दक्षिणेचा हा सगळा मुलूख सुलतानाचा होता.

निळ्या पेन्सिलीने डॅन्यूब काढा. तिच्या दक्षिण काठावर पश्चिमेकडून पूर्वेकडे विदिन, निकोपोल, स्विश्तोव्ह, रुसे आणि सिलिस्त्रा ही गावं मांडा. नदीच्या दक्षिणेला साधारण शंभर किलोमीटरवर, जवळजवळ तिला समांतर, तपकिरी रंगाने बाल्कन पर्वताची रांग काढा. रांगेच्या पलीकडे मारित्सा नदी, तिच्यावर आधी प्लोवदिव, मग एदिर्ने. शेवटी कोपऱ्यात इस्तंबूल. जुन्या पुस्तकांत रुसे म्हणजे रुश्चुक आणि एदिर्ने म्हणजे अॅड्रियानोपल असतं, म्हणून दोन्ही नावं लिहून ठेवा. तारखांच्या बाबतीतही सावध राहा. रशियात तेव्हा जुनं पंचांग चालायचं आणि ते बारा दिवस मागे होतं. युद्ध पुकारल्याची तारीख कुठे १२ एप्रिल दिसेल, कुठे २४ एप्रिल, दिवस एकच. मी सगळीकडे नवी तारीख देते आहे.

आता सैन्य आणायच्या आधी एक प्रश्न स्वतःला विचारा: रशियन सैन्य समुद्रमार्गे का आलं नाही? क्रिमियन युद्धानंतर १८५६ च्या तहाने रशियाला काळ्या समुद्रात लढाऊ आरमार ठेवायला बंदी झाली होती. ती बंदी १८७१ मध्ये उठली, पण सहा वर्षांत आरमार उभं राहत नाही. उलट सुलतानाकडे चिलखती जहाजं होती. त्यामुळे समुद्र तुर्कांचा, आणि रशियाला वाट उरली ती रुमेनियातून, जमिनीवरून. रुमेनियाशी एप्रिल १८७७ मध्ये करार झाला आणि वाट मोकळी झाली. युद्धामागची कारणं, म्हणजे १८७५ चा हर्झेगोव्हिनातला उठाव, १८७६ चा बल्गेरियातला उठाव आणि तो मोडताना बाताकसारख्या गावांत झालेली कत्तल, तीही वाचाच, पण नकाशाच्या मागच्या बाजूला लिहा.

पुढचं पाऊल पूर्वेच्या चौकोनाचं. रुसे, सिलिस्त्रा, वर्ना आणि शुमेन ही चार गावं हिरव्या रेघेने जोडा. हा तुर्कांच्या किल्ल्यांचा चौकोन. मोठी फौज इथेच होती, कारण हल्ला याच बाजूने येणार हा अंदाज होता. नदी ओलांडायची जागा निवडताना रशियनांनी हा चौकोन चुकवला. गालात्स-ब्राइलाकडे खाली पूर्वेला एक फौज आधी पलीकडे नेऊन तुर्कांची नजर तिकडे खिळवली, आणि २६-२७ जूनच्या रात्री जनरल द्रागोमिरोव्हची तुकडी होड्यांतून झिम्नीचाहून स्विश्तोव्हला उतरली. पट्टी घेऊन स्विश्तोव्हपासून एदिर्नेपर्यंत सरळ रेघ मारून बघा. ती बाल्कन रांग शिपका खिंड आणि तिच्या पूर्वेची हाइनकोई खिंड यांच्या टापूत ओलांडते. योजना काय होती ते ही एक रेघ सांगते.

इथून लाल पेन्सिलीने तीन बाण काढा. एक पूर्वेला, रुसेच्या दिशेने, चौकोनातल्या फौजेला रोखून धरायला. दुसरा दक्षिणेला, जनरल गुर्कोचा. त्याच्याकडे बारा हजारांच्या आसपास माणसं होती. तो तर्नोव्हो घेऊन हाइनकोई खिंडीतून डोंगर ओलांडून गेला आणि १९ जुलैला शिपका खिंड रशियनांच्या हाती आली. तिसरा बाण पश्चिमेला, जनरल क्र्यूदेनरचा, निकोपोल घेण्यासाठी. निकोपोल १६ जुलैला पडलं. तीन आठवड्यांत एवढं झालं, त्यामुळे कागदावर युद्ध संपत आल्यासारखं दिसतं.

आता निकोपोलच्या नैर्ऋत्येला चाळीस किलोमीटरवर एक ठिपका द्या आणि त्याच्याभोवती गोल करा. हे प्लेव्हेन. इथे किल्ला नव्हता, तट नव्हता. पण विदिनचा, सोफियाचा, निकोपोलचा आणि लोव्हेचचा असे रस्ते इथे एकत्र येतात. हे रस्ते काळ्या रंगाने जाडसर काढा. विदिनमध्ये बसलेल्या तुर्की सेनापती उस्मान पाशाने नेमकं हेच ओळखलं. त्याने सुमारे दोनशे किलोमीटर चाल मारली आणि १९ जुलैला प्लेव्हेन धरलं. लाल बाण पाहा: गुर्को डोंगरापलीकडे गेला आहे आणि त्याच्या उजव्या पाठीमागे, स्विश्तोव्हच्या पुलापासून दोन-तीन मजलांवर शत्रूची फौज बसली आहे. तिला तिथे ठेवून पुढे जाता येत नाही. हे उमगलं की पुढचे पाच महिने का गेले याचं कोडं राहत नाही.

प्लेव्हेनसाठी वेगळा कागद घ्या. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यावा. प्रमाण एक सेंटिमीटरला अर्धा किलोमीटर. मधोमध गाव, पश्चिमेला वीत नदी, पूर्वेला ग्रीवित्सा, आणि भोवतीच्या टेकड्यांवर मातीचे बुरूज. प्रत्येक बुरुजाबाहेर तीन सेंटिमीटर अंतरावर हलक्या हाताने हिरवी रेघ काढा. ती तुर्की बंदुकीची पोच. तुर्की शिपायाकडे अमेरिकेत बनवलेली पीबॉडी-मार्टिनी रायफल होती, शिवाय खंदकात काडतुसांच्या पेट्या भरलेल्या. दीड किलोमीटरवरून गोळीबार सुरू झाला की रांगेत चालत येणारी माणसं पडायला लागत. रशियन शिपायाच्या हातात बहुतेक करून क्रंका रायफल होती, आणि साध्या शिपायाच्या बंदुकीवर नेम धरायची पट्टी सहाशे पावलांपर्यंतचीच होती. म्हणजे हिरव्या रेघेपासून सहाशे पावलांच्या रेघेपर्यंतचं अंतर त्याने उत्तर न देता, नुसतं मरण सोसत पार करायचं. ही दुसरी रेघही लाल रंगाने काढा आणि मधला पट्टा नीट बघा. प्लेव्हेनची पहिली तिन्ही आक्रमणं या पट्ट्यात मोडली.

आता तिन्ही हल्ले मांडा. पहिला २० जुलैचा, सात-आठ हजार माणसांचा. समोर किती फौज आहे याची टेहळणीही धड झाली नव्हती. दुसरा ३० जुलैचा, आणि त्यात सुमारे सात हजार माणसं मेली किंवा जखमी झाली. तिसरा ११ सप्टेंबरचा. जुन्या पंचांगाप्रमाणे तो ३० ऑगस्ट, झार दुसऱ्या अलेक्झांडरचा नामदिवस. आधी चार दिवस तोफांचा भडिमार झाला, पण मातीचे बुरूज रात्रीतून पुन्हा उभे राहत. त्या दिवशी पाऊस आणि धुकं होतं. रुमेनियन आणि रशियन सैनिकांनी मिळून ग्रीवित्साचा एक बुरूज घेतला. दक्षिणेकडून रशियन जनरल स्कोबेलेव्हने दोन बुरूज घेतले आणि गाव त्याच्या समोर आलं. त्याच्या माणसांकडे कुदळ-फावडी पुरेशी नव्हती. संगिनींनी आणि जेवणाच्या डब्यांनी त्यांनी माती उकरून आडोसा केला. त्याने मदत मागितली, ती आली नाही, आणि दुसऱ्या दिवशी तुर्कांनी लागोपाठ प्रतिहल्ले करून दोन्ही बुरूज परत घेतले. या दोन बुरुजांवर कागदावर लाल रंग भरा आणि वर हिरवा गिरवा. मला या युद्धात सगळ्यात जास्त चीड येते ती इथे. राखीव फौज होती, आणि माणसं डब्यांनी माती उकरत होती.

त्यानंतर तोत्लेबेनला बोलावलं गेलं, सेव्हास्तोपोलची तटबंदी उभारणारा तोच इंजिनिअर. त्याने हल्ले थांबवले आणि रस्ते बंद करायला घेतले. म्हणून पुन्हा मोठ्या कागदावर या. प्लेव्हेनहून सोफियाला जाणारा काळा रस्ता पाहा. उस्मान पाशाचं धान्य आणि दारूगोळा याच वाटेने येत होता. या रस्त्यावर गोर्नी दुब्निक आणि तेलिश अशा दोन फुल्या मारा. गुर्कोने २४ आणि २८ ऑक्टोबरला ती ठाणी घेतली. दुब्निकला समोरून चढाई केली आणि तीन हजारांवर माणसं गमावली. तेलिशला मुख्यतः तोफांनी काम भागवलं. चार दिवसांत शिकलेला हा धडा मला फार बोलका वाटतो. रस्ता तुटल्यावर प्लेव्हेन उपाशी पडायला लागलं. १० डिसेंबरला उस्मान पाशाने वीत नदी ओलांडून वेढा फोडायचा प्रयत्न केला, पहिली रांग फोडलीही, पण त्याच्या पायाला गोळी लागली आणि फौजेने शस्त्रं ठेवली. चाळीस हजारांहून जास्त माणसं कैद झाली. झारने त्याची तलवार त्याला परत दिली.

हे चालू असताना शिपकावर काय होत होतं, ते समजण्यासाठी तुर्कांची रेल्वे काढा: एजियन किनाऱ्यावरच्या देदेआगाचहून एदिर्ने आणि तिथून पुढे मारित्साच्या खोऱ्यात. तुर्की सेनापती सुलेमान पाशाची फौज माँटेनिग्रोच्या बाजूने जहाजांनी देदेआगाचला आली आणि रेल्वेने वर पोचली. गुर्कोला स्तारा झागोरा सोडून मागे हटावं लागलं. शहर जळलं आणि तिथल्या बल्गेरियन रहिवाशांची कत्तल झाली. पण शिपका खिंड सोडली नाही. २१ ऑगस्टपासून सुलेमानने तिच्यावर हल्ले सुरू केले. वर पाच-सहा हजार माणसं, त्यांत बल्गेरियन स्वयंसेवकांच्या तुकड्या. २३ ऑगस्टला तिन्ही बाजूंनी चढाई झाली आणि काडतुसं संपली. माणसांनी दगड, ओंडके, शेवटी मेलेल्यांची प्रेतंसुद्धा खाली ढकलली. संध्याकाळी कझाकांच्या घोड्यांवर दोघादोघांना बसवून आणलेली पहिली कुमक पोचली आणि खिंड वाचली. पुढे हिवाळ्यात शत्रूच्या गोळ्यांपेक्षा कितीतरी जास्त माणसं थंडीने निकामी झाली.

आता कागदाच्या कडेला एक आडवी पट्टी आखा, जून ते जानेवारी. २७ जूनपासून १० डिसेंबरपर्यंत, साडेपाच महिने, मोठ्या फौजा नदी आणि डोंगर यांच्यामधल्या पट्ट्यात. नंतर ऐन हिवाळ्यात गुर्को दोरांनी तोफा ओढत बर्फातून पश्चिमेच्या खिंडी पार करून ४ जानेवारीला सोफियात उतरला. ९ जानेवारीला शिपकाच्या पायथ्याशी शेइनोव्हो इथे दोन्ही बाजूंनी वेढलेल्या वेसेल पाशाने शरणागती पत्करली. २० जानेवारीला रशियन घोडदळ एदिर्नेत. सहाच आठवडे! ३१ जानेवारीला तिथेच युद्धविराम झाला. डोंगरापलीकडे रशियनांना अडवेल अशी दुसरी रांग तुर्कांकडे उरलीच नव्हती, हे पट्टी बघून लगेच कळतं.

कॉकेशससाठी लहान कागद पुरे. अर्दहान मे महिन्यात रशियाकडे, जूनमध्ये झिविनला मुख्तार पाशाने त्यांना थोपवलं, ऑक्टोबरमध्ये अलाजादागला त्याचा पराभव, आणि १७-१८ नोव्हेंबरच्या रात्री कार्सचा किल्ला चढाई करून घेतला. एरझुरुम मात्र हल्ल्याने पडलं नाही.

काळी पेन्सिल बाजूला ठेवायच्या आधी तिनेच आणखी एक काम करा. गावं सोडून पळालेल्या लोकांच्या वाटा तुटक रेघांनी काढा: उन्हाळ्यात डोंगरापलीकडून उत्तरेला आलेले बल्गेरियन, आणि हिवाळ्यात बायकामुलांसह, बैलगाड्यांतून एदिर्ने-इस्तंबूलकडे निघालेले मुसलमान. कत्तली दोन्हीकडच्यांच्या झाल्या. लष्करी इतिहासांच्या नकाशांत या रेघा बहुधा नसतात, आणि त्या नसल्या तर नकाशा अपुरा आहे असं मी ठामपणे म्हणेन.

तहांसाठी ट्रेसिंग पेपर वापरा, म्हणजे दोन तह एकमेकांवर ठेवता येतात. ३ मार्च १८७८ च्या सान स्तेफानो तहातला बल्गेरिया एजियन समुद्रापर्यंत पोचतो. १३ जुलैच्या बर्लिन तहातला बाल्कन पर्वतापाशी थांबतो: उत्तरेला बल्गेरियाचं संस्थान, दक्षिणेला सुलतानाखालचा स्वायत्त पूर्व रुमेलिया, आणि मॅसिडोनिया परत सुलतानाकडे. सोफिया मात्र मुख्य रांगेच्या दक्षिणेला असूनही संस्थानात गेलं, तेवढं जपून काढा. कार्स, अर्दहान आणि लढून न मिळालेलं बातुमी रशियाला मिळालं.

एवढं जमलं की त्याच निळ्या-तपकिरी नकाशाची कोरी प्रत घेऊन १८२८-२९ चं युद्ध काढायला घ्या. तेव्हा काळा समुद्र रशियन आरमाराच्या ताब्यात होता, म्हणून रशियन सेनापती दीबिचची फौज वर्नाच्या बाजूने, किनाऱ्यालगत डोंगर ओलांडून ऑगस्ट १८२९ मध्ये एदिर्नेला पोचली. दोन्ही बाण शेजारी ठेवा आणि समुद्र कोणाचा होता तेवढं प्रत्येकाखाली लिहा.