नवतपा लागण्याआधी तळ्यावर जाताना

उन्हाळ्यात पक्षी बघायला जाताना काय न्यायचं, काय पाळायचं, त्याची ही यादी. गजर साडेतीनचा लावा. मेच्या शेवटच्या पंधरवड्यात नागपुरात सूर्य साडेपाचच्या सुमारास उगवतो, आणि उजाडायच्या आत आपण काठावर बसलेलो असायला हवं. आठ वाजता दुर्बिणी पिशवीत आणि नऊच्या आत घरी. 25 मेला नवतपा, म्हणजे सर्वांत कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला की हीच वेळ आणखी अर्धा तास अलीकडे ओढायची. 23 मे 2013 ला इथला पारा 47.9 अंशांवर गेला होता, आणि धरणाच्या काठावर तर सावलीला एक झाडही नसतं.

माणशी तीन लिटर पाणी घ्या, त्यातली एक बाटली रात्रीच बर्फाच्या खणात ठेवलेली. थर्मासमध्ये पन्हं किंवा मीठ-साखर-लिंबाचं पाणी. उपाशीपोटी निघू नका. दोन पोळ्या आणि वाटीभर दही खाऊनच घर सोडा, पहाटे भूक नसली तरी. तर्री पोहे परत आल्यावर, कारण काठावर तिखटाने तहान वाढते. दुपट्टा डोक्याला बांधाल तो मातकट किंवा खाकी असू द्या. शहरात पांढरा बरा, पण उघड्या काठावर तो पक्ष्यांना फार लांबून दिसतो आणि आपण बसायच्या आत अर्धं तळं रिकामं होतं. बूट बंद हवेत, वाळलेल्या गाळात काटे आणि शिंपल्यांच्या धारा असतात.

आपलं एवढं पुरे. यादीतला मोठा भाग पक्ष्यांचा आहे.

उन्हाळ्यात पाणी उतरलं की धरणांमध्ये वाळूची आणि मुरमाची बेटं उघडी पडतात. नदी सुरय, टिटवी, कंठेरी चिखल्या हे पक्षी अशाच उघड्या जमिनीवर अंडी घालतात. घरटं म्हणजे वाळूत पायांनी केलेला जेमतेम ओंजळीएवढा खळगा. सुरयाची दोन-तीन अंडी वाळूच्याच रंगाची, वर तपकिरी ठिपके. पायाशी असली तरी दिसत नाहीत. मागच्या काही उन्हाळ्यांपासून आम्ही एका धरणावर जातो. त्याचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही, आणि तुम्हीही तुमच्या जागेचं नाव जून संपेपर्यंत कुठे लिहू नका. तिथे एकदा सुरयाची मादी पाहिली. पाण्यावरून उडत येऊन तिने पोट पाण्याला टेकवलं, पिसं भिजवली आणि परत येऊन अंड्यांवर बसली. आम्ही बघत होतो त्या पाऊण तासात ती चार वेळा गेली. सकाळचे साडेसात वाजले होते. वाळू हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते, त्यामुळे ऊन चढल्यावर या पक्ष्यांचं उबवणं म्हणजे मुख्यतः अंड्यांवर सावली धरणं आणि ती ओली ठेवणं. आपण जवळ गेलो की आई उठते. घिरट्या घालते, ओरडते, डोक्यावर झेपावते. लोक त्याचे फोटो काढतात, ‘काय सुंदर उडतो’ म्हणतात. खाली अंडी उन्हात उघडी पडलेली असतात, आणि मेच्या उन्हात ती वाया जायला फार वेळ लागत नाही.

म्हणून यादीत सर्वांत वर ‘अंतर’ लिहा. पक्षी उठला, सारखा ओरडू लागला, तुटक्या पंखाचं सोंग करत समोरून पळू लागला, तर तुम्ही आधीच फार जवळ आलात. आलात त्याच पावलांवरून मागे फिरा, बाजूने फिरू नका. बाजूला दुसरं घरटं असू शकतं. बेटावर पाय ठेवायचा नाही, पाणी घोट्याएवढं असलं तरी. मे संपता संपता पाणी आणखी उतरतं, बेट काठाला जोडलं जातं आणि कुत्री-गुरं चालत आत जातात. तेव्हा आपल्या पायवाटेने त्यांना रस्ता दाखवू नका. नदी सुरय हा धोक्यातल्या जातींची नोंद ठेवणाऱ्या आययूसीएन या जागतिक संस्थेच्या लाल यादीत ‘असुरक्षित’ गटात आहे, आणि अंडी घालायला त्याला एवढीच जमीन मिळते.

जागा कुठे आहे हे मासेमार काकांना विचारा. नदीपात्रात डांगरवाडी, म्हणजे टरबूज-खरबुजाचा मळा, लावणाऱ्यांनाही ठाऊक असतं. पक्षी कुठे बसतात, यंदा बेट कोणत्या अंगाने उघडं पडलं, कुत्री कुठून येतात, हे त्यांना रोजचं माहीत. विचारताना आधी राम राम, मग चार गोष्टी त्यांच्या मासोळीच्या, मग पक्षी. आम्हाला सर्वांत उपयोगी माहिती दरवर्षी याच लोकांकडून मिळाली आहे.

आता दुर्बीण आणि कड्या. दुर्बीण 8 बाय 42 ची असेल तर पुरते. पण पक्ष्याच्या पायातली कडी, म्हणजे अभ्यासकांनी ओळखीसाठी घातलेला क्रमांकाचा वाळा, वाचायची असेल तर स्पॉटिंग स्कोप (एका डोळ्याने बघायची लांब पल्ल्याची दुर्बीण) आणि भक्कम तिपाई हवीच, गटात एक असला तरी चालेल. किनाऱ्यावरच्या मित्रांना एक सोय आहे: ठाण्याच्या खाडीत भरती चढली की पक्षी आपोआप काठाकडे सरकतात. आपल्याकडे भरती नाही. सूर्य पाठीशी घेऊन एका जागी बसून राहायचं, तासभर सुद्धा, आणि पक्ष्याला स्वतः जवळ येऊ द्यायचं. साडेसातनंतर जमिनीवरची हवा थरथरायला लागते, मग कितीही महागडा स्कोप असो, अक्षरं पाण्यात हलल्यासारखी दिसतात. म्हणून कडी वाचायचं काम पहिल्या तासातच करा, बाकीची मोजणी नंतर.

मे महिन्यात कडी दिसणं अवघड आहे, कारण बहुतेक स्थलांतरित पक्षी निघून गेलेले असतात. तरी मागे राहिलेला एखादा टिलवा असतो, आणि जुलै-ऑगस्टमध्ये परतीचे पहिले पाणपक्षी उतरू लागतात, तेव्हा सवय झालेली असलेली बरी. 1899 मध्ये डेन्मार्कच्या मॉर्टेन्सन या शिक्षकाने साळुंकीच्या कुळातल्या पक्ष्यांना क्रमांक घातलेल्या अॅल्युमिनियमच्या कड्या चढवल्या, तिथून हे शास्त्र पद्धतशीर सुरू झालं. भारतात बीएनएचएस, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी, 1927 पासून हे काम करते, आणि 1959 पासून डॉ. सलीम अलींच्या देखरेखीखाली ते मोठ्या प्रमाणावर झालं. ओडिशातलं चिलिका, तमिळनाडूतलं पॉइंट कॅलिमेअर अशा किनाऱ्यांवर पाणपक्ष्यांना कड्या घातल्या जातात. हिवाळ्यात विदर्भाच्या तळ्यांवर येणाऱ्या पट्टकदंबांपैकी काहींच्या मानेत मंगोलियात पट्टे घातले जातात.

कडी दिसली तर काय लिहायचं, ते आजच वहीच्या पहिल्या पानावर उतरवून ठेवा. कोणता पाय: डावा-उजवा पक्ष्याचा, आपल्या बाजूने दिसतो तो नव्हे. घाईत सर्वांत जास्त चूक इथेच होते. मग गुडघ्यासारख्या दिसणाऱ्या सांध्याच्या वर की खाली. धातूची कडी की प्लास्टिकचा फ्लॅग, म्हणजे पायाला लावलेली रंगीत पट्टी. दोन फ्लॅग असतील तर वर कोणता रंग, खाली कोणता. अक्षरं अर्धवट दिसली तर अर्धवटच लिहा, उरलेलं अंदाजाने भरू नका. धातूच्या कडीवरचा आकडा वाटोळा फिरलेला असतो, म्हणून पक्षी वळेल तसतसे फोटो घेत राहा. चार फोटोंतून पूर्ण आकडा जुळतो. तारीख, वेळ, जागा, सोबत किती पक्षी होते, एवढं लिहून बीएनएचएसला कळवा. मेलेल्या पक्ष्याच्या पायात कडी सापडली तरी कळवा. जिवंत पक्षी मात्र पकडायचा नाही, कडी वाचण्यासाठी सुद्धा नाही. कडी घालायला सरकारी परवानगी आणि वर्षांचा सराव लागतो, आणि ते लोकही कडक उन्हात जाळी बंद ठेवतात.

दोन वर्षांपूर्वी एका शेकाट्याच्या गुलाबी पायात पांढरं काहीतरी दिसलं. आमच्यातल्या सर्वांत लहान मुलीने ते पहिल्यांदा पाहिलं, आणि ‘रिंग, रिंग’ म्हणत सगळे स्कोपभोवती जमले. माझी पाळी आली तेव्हा पक्षी वळला. मासेमारीच्या जाळ्याचा नायलॉन होता, सांध्याभोवती तीन वेढे, खाली बोटभर दोरा लोंबतो आहे. वेढ्यांच्या वर पाय सुजलेला. तो उडू शकत होता, त्यामुळे हाती लागणं शक्यच नव्हतं. त्या दिवसापासून आमच्या पिशवीत एक कात्री आणि एक पोतं असतं. निघताना, घरट्यांपासून दूर, काठावरचे तुटके दोरे आणि जाळीचे तुकडे गोळा करतो. तुम्हीही पोतं घ्या.

पुठ्ठ्याचं एक खोकं गाडीत ठेवा, बाजूंना भोकं पाडलेलं, तळाशी सुती फडकं. परतीच्या वाटेवर उन्हाने पडलेला पक्षी सापडला तर त्यात ठेवून झाका आणि सावलीत न्या. चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनळीत जातं. वन विभागाच्या 1926 क्रमांकावर फोन करा. सेमिनरी हिल्सवरचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर अशा पक्ष्यांवर उपचार करतं.

घरी ठेवायच्या गोष्टी: ड्रोन, आवाज वाजवायचा स्पीकर, आणि गटातला तो माणूस ज्याला अंड्यांचा जवळून फोटो हवाच आहे. त्याला आदल्या रात्री फोन करून समजावून सांगा, काठावर सांगायला उशीर होतो. नोंदी पेन्सिलने वहीत करा, कारण उन्हात फोन तापून बंद पडतो. दुपारी घरी बसून ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी भरताना घरट्याची नेमकी जागा टाकू नका. गेल्या खेपेला सुरयाची अकरा घरटी होती आणि यंदा एकही नसेल, तर तेही लिहा: तारीख, वेळ, पाण्याची पातळी, सुरय शून्य.