कलाकाराच्याच लेबलशी करार करताना: कागदात काय शोधायचं, आकडे कसे मांडायचे

नावाजलेला गायक, रॅपर किंवा बँड स्वतःचं लेबल, म्हणजे गाणी ध्वनिमुद्रित करून बाजारात आणणारी कंपनी, काढतो आणि नव्या कलाकाराला बोलावतो, तेव्हा बोलणी बहुतेक विश्वासावर चालतात. हा आपल्यातलाच आहे, याने स्वतः लेबलांचे चटके खाल्लेत, हा आपल्याला बुडवणार नाही. हेतू खरोखर चांगला असतोही. पण पैसे वाटले जातात ते करारातल्या व्याख्यांप्रमाणे, आणि त्या व्याख्या अनेकदा मागे उभ्या असलेल्या मोठ्या कंपनीच्या वकिलाने लिहिलेल्या असतात. तेव्हा आधी लेबलची मालकी तपासा, माणसाचा स्वभाव नंतर.

मालकी तपासायला फार काही लागत नाही. त्या लेबलवर आधी आलेले तीन-चार अल्बम उघडा आणि तळाशी वर्तुळातल्या ‘पी’पुढे काय छापलंय ते वाचा. ती ध्वनिमुद्रणाच्या हक्काची ओळ असते. तिथे फक्त त्या कलाकाराच्या लेबलचं नाव असेल तर लेबल बहुधा स्वतःच्या पायावर उभं आहे. मोठ्या कंपनीचं नाव असेल तर लेबल म्हणजे तिच्या दारावरची पाटी असण्याची शक्यता जास्त. ‘विशेष परवान्याने’ अशा अर्थाचे शब्द असतील तर मूळ ध्वनिमुद्रण, म्हणजे मास्टर, दुसऱ्याच्या मालकीचं आहे आणि लेबलकडे ते ठराविक काळापुरतं आहे. तो दुसरा म्हणजे खुद्द गाणारा असेल तर उत्तम लक्षण. मग थेट विचारा: पैसे कोणाच्या खात्यातून येणार, करारावर सही कोणत्या कंपनीची, वितरणाचा करार कधी संपतो? तिसऱ्या प्रश्नाला टाळाटाळ झाली तर सही लांबवा.

हा प्रश्न महत्त्वाचा का, ते इतिहासात दिसतं. कलाकारांना मोकळीक द्यायची म्हणून अमेरिकी गायक फ्रँक सिनात्राने १९६० मध्ये रिप्राइज हे लेबल काढलं आणि १९६३ मध्ये ते वॉर्नर या मोठ्या कंपनीकडे गेलं. गायक प्रिन्सचं पेस्ली पार्क १९८५ पासून वॉर्नरच्या जोरावर चाललं; १९९४ मध्ये वॉर्नरने हात काढून घेतला आणि लेबल आटोपलं. लेबलवरच्या बाकीच्या कलाकारांच्या हातात यातलं काहीच नसतं. म्हणून दोन कलमं मागा. लेबल विकलं गेलं किंवा त्यातला मालक-कलाकाराचा वाटा निम्म्याखाली गेला, तर तुम्हाला बाहेर पडता यावं. आणि वितरण तुटल्यावर सहा महिन्यांत नवा वितरक मिळाला नाही, तर मास्टर तुमच्याकडे परत यावेत. त्याहून भक्कम म्हणजे मास्टर मुळात विकायचेच नाहीत. पाच, सात, फार तर दहा वर्षांचा परवाना द्यायचा. बीस्टी बॉइज या रॅप बँडचं लेबल ग्रँड रॉयल २००१ मध्ये कर्जाखाली बंद पडलं, तशी वेळ आली आणि मास्टर लेबलच्या मालमत्तेत असले, तर ते देणेकऱ्यांच्या तोंडी जातात. तिथे ‘परत येतील’ हे कलम टिकेलच असं नाही. तुमच्या नावावरची वस्तू सोडवून घेणं त्यामानाने सोपं.

आता आकडे. इथेच सर्वात जास्त जण फसतात, कारण टक्का वाचतात आणि तो कशावर आहे हे वाचत नाहीत. समजा, स्ट्रीमिंगमधून १०० आले. वितरकाने २० कापले, उरले ८०. मोठी कंपनी आणि मालक-कलाकाराचं लेबल यांनी ते निम्मे-निम्मे घेतले, लेबलकडे आले ४०. तुमची रॉयल्टी १८ टक्के. पहिल्या १०० वर धरली तर १८ मिळतात, ८० वर धरली तर १४.४०, आणि ‘लेबलला प्रत्यक्ष मिळालेली रक्कम’ असं लिहिलं असेल तर फक्त ७.२०. टक्का तोच, हातात येणारे पैसे निम्म्याहून कमी. उलटही पाहा: त्या ४० वर ‘आपण अर्धं-अर्धं’ म्हटलं तरी तुम्हाला मिळतात २०, म्हणजे पहिल्या १०० वरच्या १८ टक्क्यांपेक्षा जेमतेम दोन जास्त. ‘अर्धं-अर्धं’ हे मित्राच्या तोंडून फार छान ऐकू येतं. विचारायचं एवढंच, कशाचं अर्धं?

दुसरा हिशेब वसुलीचा. उचल, रेकॉर्डिंग आणि व्हिडिओ धरून लेबलचा खर्च १,००० झाला असं माना आणि मधले कोणी नाहीत असं धरा. १८ टक्के रॉयल्टीच्या करारात वसुली तुमच्या वाट्यातून होते, म्हणजे एकूण कमाई सुमारे ५,५५६ होईपर्यंत उचलीपलीकडे तुम्हाला काही मिळत नाही. लेबलचे पैसे मात्र पहिल्या हजारातच सुटलेले असतात. पुढचे ४,५५६ त्याचेच. नफ्यात निम्म्या वाटणीचा करार असता तर त्याच कमाईवर तुमचे २,२७८ झाले असते. मालक-कलाकाराने खरोखर मदत करायची ठरवली असेल तर ती या एका जागी दिसते. वॉशिंग्टन डीसीचं डिस्कॉर्ड हे १९८० साली इयन मॅकाय आणि जेफ नेल्सन या वादकांनी काढलेलं लेबल लेखी कराराशिवाय, खर्च वजा जाता नफा वाटून घेत चाललंय. हे जमतं कारण खर्च मुळातच बेताचा असतो. तोच नमुना महागड्या व्हिडिओंच्या लेबलला लावलात तर नफा कागदावर कधीच उगवत नाही. म्हणून नफा-वाटणीत खर्चाला कमाल मर्यादा घाला, तिच्यावरच्या प्रत्येक खर्चाला तुमची लेखी संमती हवी असं लिहा, आणि ‘कार्यालयीन खर्च’ म्हणून सरसकट लावलेले दहा-पंधरा टक्के खोडून टाका.

कलाकाराच्या लेबलची खास अडचण वेगळीच: मालक एकटा चार खुर्च्यांवर बसलेला असतो. तोच निर्माता, त्याचाच स्टुडिओ, गीतलेखनात त्याचा वाटा, कधी व्यवस्थापनही त्याच्याच भावाकडे. प्रत्येक खुर्चीची वेगळी पावती तुमच्या खात्यावर फाटते. निर्माता म्हणून तीन-चार टक्के, स्टुडिओचं भाडं पूर्ण दराने, आणि एक ओळ सुचवली म्हणून गाण्याचा चौथा हिस्सा. यावर उपाय नीरस आहे पण चालतो. मालकाशी संबंधित कोणालाही काम द्यायचं तर बाहेरच्या दराहून जास्त नको, आणि आधी तुमची लेखी मंजुरी. गाण्यातला कोणाचा किती हिस्सा, तो कागद गाणं बनलं त्याच दिवशी सह्या करून ठेवा. महिन्याभराने प्रत्येकाला आपला वाटा मोठा आठवतो. आणि लेबलचा मालकच तुमचा मॅनेजर असेल तर तुमच्या बाजूने त्याच लेबलशी कोण भांडणार? दोन्ही एकत्र नकोच. टाळता येत नसेल तर लेबलकडून येणाऱ्या पैशांवर त्याला कमिशन मिळणार नाही एवढं तरी लिहून घ्या.

मालकाचं नाव हा या लेबलचा खरा माल, तेव्हा तो मोजून घ्या. ‘पाठिंबा देईन’ याला करारात काही किंमत नाही. पहिल्या अल्बममध्ये एका गाण्यावर त्याचा आवाज, त्याच्या पुढच्या दौऱ्यात किमान अमुक कार्यक्रमांत तुमचं सादरीकरण, प्रवास-राहण्याचा खर्च कोणाचा आणि तो वसुलीत धरणार की नाही, हे आकड्यांत हवं. लेड झेपेलिन या रॉक बँडच्या स्वान साँग लेबलने १९७४ मध्ये, म्हणजे लेबलच्या पहिल्याच वर्षी, ‘बॅड कंपनी’ या बँडचा पहिला अल्बम अमेरिकेत अव्वल नेला, इतकी ताकद अशा नावात असू शकते. पण लेड झेपेलिन १९८० मध्ये थांबला आणि लेबल १९८३ मध्ये बंद झालं. गायक सॅम कुकचं एसएआर हे लेबल तर डिसेंबर १९६४ मध्ये तो गेल्यावर उरलंच नाही. मालक गेला, निवृत्त झाला किंवा वर्षभर स्वतःच्याच अल्बममध्ये गुंतला, तर तुमचं काय? ‘मुख्य व्यक्ती’चं कलम घाला: अमुक माणूस लेबलचं काम पाहत नसेल तर ९० दिवसांच्या नोटिशीने करार संपवता येईल. सोबत प्रकाशनाची मुदत. पूर्ण झालेला अल्बम हाती दिल्यापासून सहा महिन्यांत बाहेर आला नाही तर साठ दिवसांची नोटीस, त्यानंतर मास्टर तुमचे. हे कलम नसलं की अल्बम मालकाच्या सोयीची वाट पाहत पडून राहतो आणि करार चालू असल्याने तुम्ही दुसरीकडेही जाऊ शकत नाही.

पुढच्या अल्बमचे पर्याय, म्हणजे तुमचा पुढचा अल्बम घ्यायचा की नाही हे ठरवायचा हक्क, लेबलच्या हाती किती, तेही बघा. एक पक्का अल्बम आणि एक पर्याय ठीक. पाच पर्याय असतील तर ते तुमचं दशक आहे.

हिशेब तपासण्याचा हक्क मागताना लोक लाजतात, कारण समोर गुरू किंवा मित्र असतो. लाजू नका. रॅपर एमिनेमच्या सुरुवातीच्या काळातल्या एफबीटी प्रॉडक्शन्स या निर्मिती कंपनीने रॅपर डॉ. ड्रेच्या आफ्टरमॅथ लेबलविरुद्ध दावा केला तो एका शब्दावर. विकलेल्या रेकॉर्डवर १२ ते २० टक्के आणि परवान्याने दिलेल्या मास्टरवर ५० टक्के, असं करारात होतं. लेबलने डिजिटल डाउनलोड ‘विक्री’त धरले, २०१० मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयाने ते ‘परवाना’ ठरवले. करारात वर्षातून एकदा तपासणीचा हक्क, मागच्या किमान तीन वर्षांचे हिशेब उघडण्याची मुभा, आणि पाच टक्क्यांहून जास्त तूट निघाली तर तपासणीचा खर्च लेबलचा, असं असावं. शिवाय वितरकाकडून लेबलला येणारी मूळ विवरणपत्रं दाखवणं बंधनकारक करा. लेबलने स्वतः बनवलेल्या तक्त्यावर तपासणी करून काही सापडत नाही.

सहीआधी त्या लेबलवरून बाहेर पडलेल्या दोघांना तरी गाठा. पहिलं विवरणपत्र कधी आलं, मास्टर कोणाकडे आहेत, आणि फोन मालक उचलायचा की त्याचा माणूस, हे विचारा. सध्या लेबलवर असलेल्यांना विचारून उपयोग कमी.