सासूबाई आणि लेकरं घेऊन गोरेवाडा सफारीला जायची तयारी

सगळ्यात आधी वार पाहा. नागपूरचं गोरेवाडा प्राणीसंग्रहालय सोमवारी बंद आणि ताडोबा मंगळवारी, ह्या दोन वारांची आपल्याकडे हमखास गल्लत होते आणि मग गाडीभर लेकरं घेऊन बंद गेटसमोर उभं राहावं लागते. आम्ही काटोलकडचे, सकाळी निघून संध्याकाळी घरी यायचं तर आम्हाला गोरेवाडाच बरं पडते. ताडोब्याची जिप्सी कच्च्या रस्त्यानं हलत हलत जाते, गुडघे दुखणाऱ्या माणसाला ते झेपत नाही, इथं बस आहे. तिकीट काढताना अन् गाडीवाल्याला सांगताना मात्र "इंडियन सफारी" असं पूर्ण नाव घ्या, कारण गोरेवाड्याची जंगल सफारी वेगळी आहे. आम्ही पहिल्या वेळी नुसतं गोरेवाडा म्हटलं आणि भलत्याच गेटवर उतरलो, अर्धा तास तिथंच गेला. ही इंडियन सफारी २६ जानेवारी २०२१ ला सुरू झाली, वाघ, बिबट, अस्वल आणि चितळ-सांबर-रोही (म्हणजे नीलगाय) असे कुंपण घातलेले वेगवेगळे भाग आहेत, बस एकातून दुसऱ्यात नेते.

दिवस ठरवताना वावराचं पण पाहा. आम्ही हरभऱ्याची सोंगणी लागायच्या आधी जातो, तेव्हा ऊनही सोसवते. शेतातली लाईन, म्हणजे मोटारीची वीज, रात्रीची असली तर दिवस मोकळा दिसते, पण रात्रभर ओलीत केलेला माणूस बसमधे बसल्याबरोबर झोपते, म्हणून लाईन दिवसाची असलेल्या आठवड्यात एक दिवस सुट्टी धरा. गाईला ढेप-पाणी कोण करणार ते शेजारच्या काकूंना आदल्या दिवशीच विचारा, सकाळी धावपळीत नाही.

आता सासूबाईंची तयारी, हेच मला खरं सांगायचं आहे. आपल्या घरच्या बाया प्रवासात पाणीच पीत नाहीत, कुठं जायला जागा मिळेल की नाही ह्या धाकानं. आमच्या सासूबाईंनी एकदा तसंच केलं, दुपारपर्यंत घोटभर पाणी नाही आणि गाडीत चक्कर आली, ओठ पार पांढरे पडले होते. तेव्हापासून मी आधीच सांगते, आई, उतरल्याबरोबर आधी बाथरूमला जाऊ, मग तिकीट, मग बसमधे चढायच्या आधी परत एकदा, मी सोबत येते. एवढं सांगितलं की त्या निवांत पाणी पितात. ब्लडप्रेशरची गोळी माझ्याच पर्समधे, मोठ्या बॅगेत टाकली की वेळेवर सापडत नाही. बसची पायरी उंच असते, तर एकानं आधी वर चढून हात द्यायचा अन् एकानं खालून आधार. चष्मा विसरू नका! घरातला माणूस वाघ पाह्यला चालला आणि चष्मा देव्हाऱ्यापाशी राहिला असं होऊ देऊ नका. त्यांना खिडकी द्या, पोरांना समोरच्या सीटवर, आपण मधात.

डब्ब्यात तिखट-मिठाच्या पुऱ्या, जवसाची चटणी, दोन-चार संत्री. पातळ भाजी नको, सांडते. बसमधे काही काढायचं नाही, खाणं फिरून आल्यावर बाहेर सावलीत, आणि सालं परत पिशवीत. ज्याला गाडी लागते त्याच्यासाठी आवळा सुपारी आणि एक रिकामी पॉलिथिन. आधार कार्ड, थोडे सुट्टे पैसे, तिकिटाचा स्क्रीनशॉट, बस झालं.

लेकरांना आदल्या रात्री जवळ बसवून सांगा की काच वाजवायची नाही, ओरडायचं नाही, फ्लॅश बंद. आणि वाघ कुठं शोधायचा तेही सांगा, म्हणजे ते मोबाईल सोडून बाहेर पाहतील. ऊन चढलं की वाघ पाण्यात नाहीतर सावलीत पडून राहते, म्हणून जमेल तितकी सकाळची बस घ्या. अंगावरचे पट्टे वाळल्या गवतात मिसळून जातात, तर अख्खा वाघ शोधू नका, हलणारं काहीतरी शोधा. बिबटासाठी झाडाच्या फांद्या पाहा. रोही पाहून पोरं म्हणतात हे तर आपल्या वावरातच येते, तेव्हा त्याला नीट पाह्यला सांगा, वावरात आपण त्याला फक्त हाकलतो.

मागच्या वेळी वाघ सगळ्यात आधी सासूबाईंना दिसला. बस उभी होती, सगळे दुसरीकडं पाहत होते, त्या हळूच म्हणाल्या, "तो पाहा, कान हलला." झुडपाखाली पाठमोरा बसला होता, माशी बसली असंन, कान फडफडला आणि कानामागचा पांढरा ठिपका दिसला, मग त्या ठिपक्यावरून हळूहळू डोकं, पाठ, शेपटी. जन्मभर वावरात राखण केलेली नजर आहे ती. पोट्टे अजून गावात सांगतात, आमच्या आजीनं वाघ दाखवला.

निघताना अंधार पडायच्या आत निघा, काटोल रोडला संध्याकाळी रानडुकरं आडवी येतात.