उपग्रहाने मोजलेली ओल वावरात तपासताना या चुका टाळा

वाळलेल्या काळ्या मातीत ओल मोजणाऱ्या प्रोबच्या सळया सहजासहजी शिरत नाहीत. मग नोंदी घेणारी मुलं दोन पावलं सरकतात, मऊ जागा सापडली की सळया दाबतात आणि आकडा लिहून घेतात. मऊ जागा म्हणजे ओली जागा. अशा तीस नोंदी झाल्या की अख्खं वावर कागदावर ओलं होतं. उपग्रह मात्र कोरडं दाखवतो, आणि दोष त्याच्या माथी जातो.

जळगाव-धुळ्याच्या वावरांत पाहिलेल्या बहुतेक चुकांचं मूळ हेच आहे: जिथे मोजणं सोपं, तिथेच मोजलं जातं. नोंदीच्या जागा आदल्या दिवशी नकाशावर ठरवा आणि जीपीएस नेईल तिथेच थांबा. सळया शिरत नसतील तर तेवढ्याच जाडीच्या खिळ्याने आधी वाट करा. तेही जमलं नाही तर मातीचा नमुना घ्या, पण जागा बदलू नका. भेगेच्या अगदी काठावर प्रोब लावू नका. सळीभोवती हवा राहिली की आकडा खाली घसरतो. सळयांची लांबीही बघा. नासाचा स्मॅप, युरोपचा स्मॉस असे मातीची ओल मोजणारे उपग्रह साधारण वरच्या ५ सेंमी थराची ओल सांगतात. १२ सेंमीच्या सळया खालची ओलही धरतात, आणि काळ्या मातीत खाली ओल बराच काळ टिकते.

ठिबकच्या नळीखालची ओल

अमळनेरकडच्या एका कपाशीत आमच्या सगळ्या नोंदी ओळीतल्या होत्या, कारण झाडाजवळची माती मऊ होती. शेतकरी आजोबा थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "भाऊ, नळीखाले त ओलच ऱ्हाई. मझारनं देखा ना." आम्ही दोन ओळींच्या मधे मोजलं. नळीखाली ०.३८ (म्हणजे मातीच्या घनफळात ३८ टक्के पाणी), मधल्या पट्ट्यात ०.१६. दोन्हींची सरळ सरासरी काढली असती तर ०.२७ आली असती, तीही चुकलेलीच. ओळींत अंतर ५ फूट, म्हणजे दीड मीटर. त्यातला भिजलेला पट्टा जेमतेम अर्धा मीटर. एक वाटा ओला आणि दोन वाटे कोरडे धरले तर वावराची ओल ०.२३ निघते. म्हणून ठिबकच्या वावरात ओळीला आडव्या रेषेत मोजा आणि भिजलेल्या पट्ट्याची रुंदी टेपने मोजून वहीत लिहा. आजोबांनी सांगितलं नसतं तर तो आख्खा हंगाम आमच्या हातून वाया गेला असता.

वजनाची ओल आणि घनफळाची ओल

सगळ्यात महाग पडणारी चूक ही. नमुना ओव्हनमध्ये १०५ अंशांवर २४ तास वाळवला. आधी १६८ ग्रॅम होता, नंतर १४० ग्रॅम भरला. पाणी २८ ग्रॅम, म्हणजे वजनाने २० टक्के. पण उपग्रहाचा आकडा घनफळाचा असतो. नमुना ५ सेंमी व्यासाच्या आणि ५ सेंमी उंचीच्या रिंगमधून काढला असेल तर तिचं घनफळ ९८ घनसेंमी, आणि ओल ०.२९ होते. फरक ०.०९ चा, स्मॅपचं अचूकतेचं उद्दिष्टच ०.०४ आहे! त्यात काळी माती भिजली की फुगते आणि वाळली की आकसते, म्हणून तिची घनता हंगामभर एक राहत नाही. जूनमध्ये काढलेली घनता नोव्हेंबरमध्ये वापरू नका. प्रत्येक फेरीला रिंगचे नमुने घ्या. कंपनीने प्रोबमध्ये भरून दिलेल्या समीकरणावरही काळ्या मातीत विसंबू नका. चिकणमाती आणि क्षार दोन्ही आकडा बिघडवतात. त्या-त्या वावराची माती वाळवून प्रोबचं स्वतंत्र कॅलिब्रेशन करा, म्हणजे त्याचा आकडा वाळवून काढलेल्या ओलीशी जुळवून घ्या. नमुन्याची डबी बांधावरच घट्ट बंद करा आणि ओलं वजन त्याच दिवशी घ्या.

पावसानंतरचे दिवस

जोराचा पाऊस झाला की काळ्या वावरात पाय टाकवत नाही. वाफसा येईपर्यंत कुणी आत जात नाही, आणि सगळ्यात ओल्या दिवसांची पानं वहीत कोरीच राहतात. मग उपग्रह ओली बाजू नीट पकडतो की नाही, हे कळायला मार्गच उरत नाही. पाऊस सुरू व्हायच्या आधी ५ सेंमीवर आडवे सेन्सर पुरून ठेवा आणि काही वावरं पक्क्या रस्त्यालगतची निवडा. त्यांतही नोंदी बांधापासून आत, पिकातच घ्या. सेन्सरजवळ बांबू रोवा आणि सालदाराला स्वतः नेऊन जागा दाखवा, नाहीतर पहिल्याच कोळपणीत वायर तुटते.

स्मॅप सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास जातो. सकाळी माती आणि पीक यांचं तापमान जवळजवळ सारखं असतं, म्हणून पडताळणीला ती फेरी चांगली. चहा-नाश्ता उरकून दहाला वावरात पोहोचलात तर वरचा थर सुकायला लागलेला असतो.

केळी आणि मोठे पिक्सेल

रावेर-यावलची केळी वेगळी ठेवा, कारण झाडांतलं पाणी मातीची ओल झाकतं. दीड बाय दीड मीटरवर लागवड असेल तर हेक्टरी सुमारे ४४०० झाडं. एका झाडात २० किलो पाणी धरलं तरी चौरस मीटरमागे जवळपास ९ किलो होतं, आणि ५ किलोच्या पुढे स्मॅपच्या आकड्यावर भरवसा ठेवत नाहीत. त्याचा मूळ पिक्सेलही (चित्रातला एक चौकोन) ३६ किमी बाजूचा, म्हणजे जवळपास १ लाख ३० हजार हेक्टर. एका वावराची त्याच्याशी तुलना करू नका. बागायत, कोरडवाहू, बरड अशी वावरं त्यांच्या क्षेत्राच्या प्रमाणात घ्या. जुलै २०२५ मध्ये श्रीहरिकोट्याहून गेलेला नासा-इस्रोचा रडार उपग्रह निसार दर १२ दिवसांनी त्याच जागेवर येतो आणि बराच बारीक बघतो. त्याच्यासाठी सरीची दिशा आणि मातीची ढेकळं नोंदवायलाच हवीत, कारण रडारला ओल आणि खडबडीतपणा सहज वेगळे करता येत नाहीत.

आणि प्रत्येक वावरात पहिला प्रश्न हाच विचारा: "आबा, या आठवड्यात लाईट रात्रीची का दिवसाची? मोटार कधी चालली?" रात्री पाणी दिलेलं वावर पहाटे उपग्रहाला ओलंच दिसणार. ते उत्तर तारीख-वेळेसह नोंदीच्या शेजारीच लिहून ठेवा.