डेटाबेस सर्व्हरचं नाव बदलताय? या चुका टाळा

भोसरी-पिंपरीच्या कारखान्यांना गुरुवारी सुट्टी, म्हणून ईआरपीच्या (कारखान्याचा हिशोब, स्टॉक सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) सर्व्हरची कामं बहुतेक त्याच दिवशी निघतात. दिवस सोयीचा आहे, पण देखभालीसाठी वीजही गुरुवारीच जाते. यूपीएसच्या भरवशावर नाव बदलायला बसू नका. आणि तो गुरुवार जीएसटी रिटर्नच्या ११ किंवा २० तारखेला चिकटून आला असेल तर आठवडाभर थांबा. अकाउंट्सवाल्यांशी वैर परवडत नाही.

एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसच्या बाबतीत हमखास होणारी चूक म्हणजे विंडोजमध्ये नाव बदलून, मशीन रीस्टार्ट करून घरी जाणं. लोक नव्या नावाने जोडले जातात, त्यामुळे शंकाही येत नाही. पण सर्व्हरच्या स्वतःच्या नोंदीत जुनंच नाव असतं. ‘सिलेक्ट @@सर्व्हरनेम’ जुनं नाव देतं आणि ‘सर्व्हरप्रॉपर्टी’ नवं. दोन्ही वेगळी दिसली तर आधी जुन्या नावावर ‘एसपी_ड्रॉपसर्व्हर’, मग नव्या नावासाठी ‘एसपी_अ‍ॅडसर्व्हर’ चालवा आणि एसक्यूएलची सर्व्हिस रीस्टार्ट करा. त्याशिवाय बदल लागू होत नाही. दुसऱ्या कमांडमधला ‘लोकल’ हा शब्द विसरलात, तर रीस्टार्टनंतर @@सर्व्हरनेम चक्क ‘नल’ (NULL, म्हणजे रिकामं) येतं.

ड्रॉप करताना १५१९० नंबरची एरर आली, तर जुन्या नावाला रिमोट किंवा लिंक्ड लॉगिन (दुसऱ्या सर्व्हरशी जोडणीसाठीची) अजून चिकटलेली आहेत. ती काढून पुन्हा चालवा. रेप्लिकेशन (डेटाची दुसऱ्या सर्व्हरवर सतत नक्कल) असेल तर मात्र ते नाव बदलण्याआधीच काढावं लागतं, मिररिंगही (डेटाबेसची राखीव जुळी प्रत) आधी बंद करावं लागतं. ही तपासणी बुधवारी करा. नेम्ड इन्स्टन्स (एकाच मशीनवर वेगळ्या नावाने चालणारा एसक्यूएल सर्व्हर) असेल तर या पद्धतीने फक्त मशीनचं नाव बदलतं, तिरक्या रेषेनंतरचं इन्स्टन्सचं नाव तेच राहतं. फेलओव्हर क्लस्टरला (एक मशीन बंद पडलं की दुसरं काम घेतं अशा जोडणीला) ही पद्धत लावूच नका.

खरा त्रास पुढे आहे. सकाळी ईआरपी उघडलं म्हणून सगळे खूश होतात आणि रात्री बॅकअप पडत नाही, कारण मेंटेनन्स प्लॅनच्या (बॅकअपसारखी कामं ठरल्या वेळी करणाऱ्या योजनेच्या) कनेक्शनमध्ये जुनं नाव बसलेलं असतं. प्लॅन उघडून ते बदला. दुसऱ्या सर्व्हरवरचे लिंक्ड सर्व्हर (या सर्व्हरकडे येणाऱ्या जोडण्या), रिपोर्टिंग सर्व्हिसेसची जोडणी आणि कुणीतरी कधीकाळी बनवलेल्या एक्सेल फायलीही तपासा. शॉप फ्लोअरवरचं जुनं बत्तीस-बिट सॉफ्टवेअर तर हमखास फसवतं. चौसष्ट-बिट विंडोजवर ओडीबीसीच्या (सॉफ्टवेअरला डेटाबेसशी जोडणाऱ्या सोयीच्या) खिडक्या दोन असतात. तुम्ही एकीत डीएसएन (जोडणीची नोंद) दुरुस्त करता, सॉफ्टवेअर दुसरी वाचतं. बत्तीस-बिटवाली ‘सिसवाव६४’ (SysWOW64) फोल्डरमध्ये मिळेल. नाव उलटं वाटतं, पण तसंच आहे.

काहींना ‘एसएसपीआय कॉन्टेक्स्ट’ची एरर येते आणि बिचारे पासवर्ड बदलत बसतात. सर्व्हिस डोमेन अकाउंटवर चालत असेल आणि नव्या नावाचा एसपीएन (डोमेनमधली सर्व्हिसची ओळख-नोंद) नोंदला गेला नसेल, किंवा चुकीच्या अकाउंटवर राहिला असेल, तर असं होऊ शकतं. ‘सेटएसपीएन -एल’ने त्या अकाउंटची यादी बघा, ‘-एक्स’ने दुबार नोंदी शोधा, ‘-एस’ने नवी घाला. एन्क्रिप्टेड कनेक्शनसाठी सर्टिफिकेट असेल तर त्यावरचं नावही जुळायला हवं.

जुन्या नावाचा डीएनएस एलियास (जुनं नाव नव्या सर्व्हरकडे वळवणारी नेटवर्कमधली नोंद) ठेवावा का? ठेवा, पण मुदत घालून. एलियास असला की सगळं चालतं आणि कोण अजून जुन्या नावाने येतंय ते कळत नाही. सर्व्हरवरच्या सेशनच्या यादीत क्लायंटचं मशीन दिसतं, त्याने कोणतं नाव वापरलं ते दिसत नाही. माझं मत विचाराल तर महिनाअखेरचे रिपोर्ट एकदा निघू द्या, मग एलियास भर दुपारी, सगळे जागेवर असताना काढा. डीएनएसच्या कॅशमुळे (जुनी नोंद काही काळ साठून राहते) तक्रार काही वेळाने येईल, तेव्हा लगेच चहाला जाऊ नका. ज्याचा फोन येईल त्याचं कनेक्शन तिथेच दुरुस्त होतं. तोच फोन रात्रपाळीत आला, तर एलियास परत लावून लोक मोकळे होतात आणि मग तो कायमचा राहतो.