कमी पैशांत जुना ऑटोफोकस फिल्म कॅमेरा घेताना

फिल्मवर छायाचित्रण करण्याची इच्छा आहे आणि पैसा मात्र बेताचाच आहे, अशा वेळी १९८५ ते २००० या काळातला, प्लॅस्टिकच्या बॉडीचा, दिसायला अगदी साधा ऑटोफोकस एसएलआर (लेन्समधूनच आरशाने दृश्य दाखवणारा, लेन्स बदलता येणारा कॅमेरा) घेणे हा माझ्या मते सर्वांत शहाणपणाचा व्यवहार ठरतो. त्याआधीच्या धातूच्या, हाताने फोकस करायच्या कॅमेऱ्यांना त्यांच्या रूपामुळे मागणी असते. खिशात मावणारे ऑलिंपस म्यू-२ किंवा कॉन्टॅक्स टी२ यांसारखे कॉम्पॅक्ट नावाजले गेल्याने महागले आहेत. या दोहोंच्या मधली पिढी मात्र तुलनेने स्वस्त राहिली आहे, आणि प्रकाशमापन, फोकसचा वेग व लेन्सची निवड या बाबतींत ती कशातही कमी नाही. अडचण एकच आहे: हे कॅमेरे पूर्णपणे इलेक्ट्रॉनिक असल्याने एकदा बिघडले की सुटे भाग सहसा मिळत नाहीत आणि दुरुस्तीचा खर्च कॅमेऱ्याच्या किमतीपेक्षा जास्त होतो. त्यामुळे सगळी काळजी पैसे देण्यापूर्वीच घ्यावी लागते.

पहिला निर्णय कॅमेऱ्याचा नव्हे, तर लेन्स माउंटचा, म्हणजे लेन्स बॉडीला जोडणाऱ्या खाचेचा असतो. मिनोल्टाने १९८५ साली ७००० या मॉडेलसोबत आणलेले ए-माउंट पुढे सोनीने चालू ठेवले. कॅननने १९८७ साली ईओएस ६५०सोबत ईएफ माउंट आणले आणि फोकसची मोटर लेन्समध्येच बसवली. त्यामुळे कोणतीही ईएफ लेन्स जुन्या ईओएसवर चालते. डिजिटलसाठी काढलेल्या ईएफ-एस लेन्स मात्र त्यावर बसत नाहीत. निकॉनच्या बाबतीत जरा सावध राहावे. एफ-५०१ आणि एफ-८०१ यांची मोटर बॉडीत असल्याने त्यांवर एएफ-एस, म्हणजे स्वतःची मोटर असलेल्या लेन्सचा ऑटोफोकस चालत नाही, तर एफ८० आणि एफ१०० यांवर दोन्ही प्रकार चालतात. नव्या एएफ-पी लेन्स यांपैकी कशावरही उपयोगाच्या नाहीत. घरात एखाद्या कंपनीचा डिजिटल एसएलआर असेल, तर आधी त्याच्या लेन्स पाहाव्यात. एक चांगली लेन्स आधीच हाताशी असेल तर खर्च निम्म्यावर येऊ शकतो.

कॅमेरा पाहायला जाताना त्याला लागणारी बॅटरी स्वतःची न्यावी, कारण ‘बॅटरी नाही म्हणून दाखवता येत नाही’ असे कारण हमखास पुढे केले जाते. ईओएस ६५०ला २सीआर५, ईओएस ३००ला दोन सीआर२ आणि एफ-८०१ला साधे चार एए सेल लागतात. एए सेलवर चालणारी बॉडी पुढे वापरायलाही स्वस्त पडते. बॅटरीचा कप्पा उघडून पट्ट्यांवर पांढरी किंवा हिरवट भुकटी साचली आहे का, ते पाहावे. थोडी असल्यास ती पुसता येते, पण पट्टीच खाल्ली गेली असेल तर कॅमेरा परत ठेवावा.

त्यानंतर मागचे दार उघडून शटरची पाती उजेडाकडे तिरपी धरून नीट पाहावीत. ही तपासणी मी सर्वांत महत्त्वाची मानतो. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धातल्या अनेक ईओएस बॉडींमध्ये शटरचा धक्का झेलणारा मऊ तुकडा कालांतराने विरघळतो आणि पात्यांवर डांबरासारखा काळा, चिकट डाग उमटतो. अशी पाती एकमेकांना चिकटतात, कॅमेरा वरवर सुरळीत चालल्यासारखा वाटतो आणि फिल्म धुतल्यावर मात्र काही फ्रेम कोऱ्या निघतात. डाग पुसला तरी तो तुकडा विरघळतच राहतो. म्हणून डाग दिसल्यास किंमत कितीही कमी असली तरी घेऊ नये. पात्यांना बोट लावू नये, ती फार नाजूक असतात.

दार उघडेच ठेवून खिडकीच्या दिशेने वेगवेगळ्या गतींवर शटर चालवावे. एक सेकंदाची गती कानाला एक सेकंदच वाटली पाहिजे, आणि वेगवान गतीला पूर्ण चौकट एकसारखी उजळली पाहिजे. आता ॲपर्चर (लेन्समधले प्रकाश आत सोडणारे छिद्र) एफ/१६ ठेवून पुन्हा एक सेकंद द्यावा आणि लेन्समधून पाहावे: ॲपर्चरची पाती झटकन मिटून लहान भोक दिसायला हवे. नंतर एफ/५.६ वर ते भोक त्या मानाने मोठे दिसले पाहिजे. मिनोल्टा ७०००मध्ये ॲपर्चर नियंत्रित करणारे चुंबक अडकून पाती नेमलेल्या जागी थांबत नाहीत, हा दोष परिचित आहे, आणि तो या चाचणीत लक्षात येतो.

फोकस तपासताना जवळची, मधली आणि लांबची अशा तीन वस्तू घेऊन बटण अर्धवट दाबावे. या काळातल्या सुरुवातीच्या बॉडींचा सेन्सर फक्त उभ्या रेषा ओळखतो. त्यामुळे कोऱ्या भिंतीवर किंवा आडव्या पट्ट्यांवर लेन्स पुढेमागे भटकत राहिली तर तो बिघाड समजू नये. आडव्या पट्ट्यांसाठी कॅमेरा उभा धरून पाहावे. तसे करताच फोकस बसला तर सेन्सर ठीक आहे.

एखादा वाया गेलेला जुना रोल सोबत असला तर फारच उत्तम. तो भरून आकडा पुढे सरकतो का, आणि मध्येच रिवाइंडचे बटण दाबल्यावर फिल्म पूर्ण परत जाते का, हे पाहावे. ईओएस ३०० सुरुवातीलाच सगळी फिल्म बाहेर ओढून घेतो आणि प्रत्येक फोटोनंतर ती डबीत परत नेतो. ती त्याची रीतच आहे.

लेन्समधून मोबाइलच्या टॉर्चचा प्रकाश पाडून बुरशीचे कोळिष्टकासारखे धागे किंवा धुरकटपणा शोधावा. थोडीशी धूळ चालते, बुरशी नको. कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या स्वस्त किट झूमऐवजी ५० एमएम एफ/१.८ मिळाल्यास तीच घ्यावी. बॉडीवरील चिकट झालेला रबरी लेप, जो निकॉन एफ९०च्या मागच्या दारावर हमखास आढळतो, केवळ दिसण्यापुरता दोष आहे. आयसोप्रोपिल अल्कोहोलने तो निघतो आणि भाव कमी करून घ्यायला उपयोगी पडतो.

तरीही कॉम्पॅक्टच हवा असेल, तर कमी नावाजलेले मॉडेल निवडावे आणि आयएसओ (फिल्मची प्रकाशसंवेदनशीलता) हाताने निवडता येतो का, ते विचारावे. बहुतेक कॉम्पॅक्ट फिल्मच्या डबीवरील, आयएसओ सांगणारा डीएक्स कोड वाचूनच चालतात, त्यामुळे कोड नसलेली फिल्म त्यात अडचणीची ठरते. फ्लॅश बिघडलेला असल्यास स्वतः उघडून पाहू नये. त्यातील कपॅसिटर बॅटरी काढल्यानंतरही जोरदार झटका देऊ शकतो.

ऑनलाइन व्यवहारात ‘चालू होतो’ याचा अर्थ ‘तपासलेला आहे’ असा घेऊ नये. शटरच्या पात्यांचा जवळून काढलेला फोटो, शटर चालतानाचा आवाजासह व्हिडिओ आणि अलीकडे काढलेल्या रोलचे नमुने मागावेत. यांपैकी काहीच न देणाऱ्याकडून परतीची मुदत असल्याशिवाय घेऊ नये. घेतल्यावर पहिला रोल त्या मुदतीतच संपवून धुवून घ्यावा, त्यात प्रत्येक शटरगतीला व ॲपर्चरला किमान एक फ्रेम द्यावी आणि कोणती फ्रेम कशी काढली ते वहीत लिहून ठेवावे, म्हणजे दोष आढळल्यास विक्रेत्याला पुराव्यानिशी दाखवता येईल.