दोन बॅटऱ्यांची तुलना: लुमेनच्या पुढे बघा

रात्रीच्या लाईटीवर शेतात पाण्याची दारं धरायला हातातली बॅटरी (टॉर्च) घेताय? दोन बॅटऱ्यांतून निवडायचं तर दोन्हींत 4.2 व्होल्टपर्यंत भरलेला सारखाच 18650 सेल (चार्ज होणारा लिथियम सेल) टाका. अंधाऱ्या खोलीत उजेड छतावर पाडा, मोबाईल एकाच जागी ठेवून उजेड मोजणाऱ्या लक्स अ‍ॅपवर 30 सेकंदांनी आणि 10 मिनिटांनी आकडा टिपा. दुसरा आकडाच खरा कामाचा. खोक्यावरचे लुमेन (एकूण उजेडाचं माप) सुरुवातीचे असतात.

रंगाला मात्र कमी लेखू नका. 6500 केल्विनच्या (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप) निळसर उजेडात उसाच्या पाचटातली तपकिरी घोणस पाचटातच मिसळून जाते. 4000 ते 5000 केल्विन, सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) 90 च्या वर असलेलीच घ्या.

ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारं सर्किट) तपासायला मंद मोडवर पाईपातून पडणाऱ्या धारेवर उजेड धरा. धार मण्यांच्या माळेसारखी तुटक दिसली, तर ड्रायव्हर एलईडी भराभर चालू-बंद करतोय. अशा उजेडानं डोळे शिणतात.